बारावाजेंचा ट्रेबल

लग्न होऊन या घरात आले, त्याच आठवड्यात मी सासऱ्यांच्या स्टिरिओवरची धूळ पुसली. नव्या सुनेने काहीतरी करून दाखवावं ना! संध्याकाळी बाबा दुकानातून आले. पायातले बूट अजून काढले नव्हते, तोच त्यांची नजर स्टिरिओच्या कपाटावर गेली. "याला कोणी हात लावला?" एवढंच म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण घरातले सगळे असे चिडीचूप झाले की मला वाटलं, पुसता पुसता मी कुणाचा तरी हात मोडला असावा. तेवढ्यात माझा नवरा टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरातून आला. त्याने अ‍ॅम्प्लिफायरवरचे चार नॉब एकेक करून सरळ केले आणि काही न बोलता भांग पाडायला निघून गेला. इतर घरांतली मुलं जाता-येता दिवे बंद करायला शिकतात. हा नॉब सरळ करायला शिकला होता.

त्या चार नॉबबद्दल नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं. दोन बेसचे, दोन ट्रेबलचे. बेस म्हणजे खालचा, जाड, घुमणारा आवाज. ट्रेबल म्हणजे वरचा, बारीक, धारेचा. डाव्या स्पीकरचे वेगळे, उजव्याचे वेगळे. प्रत्येक नॉबवर एक पांढरी रेघ. ती रेघ बरोबर वर, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथे उभी असली, की यंत्र आवाजात स्वतःचं काही मिसळत नाही. रेकॉर्डवर जसं आहे तसं पुढे सोडतं. रेघ उजवीकडे कलली की तो आवाज वाढतो, डावीकडे कलली की कमी होतो. बाबांच्या मते रेघ कलायचं काही कारणच नव्हतं.

बाबांचं आयुष्य लोकांच्या घरी स्पीकर मांडण्यात गेलं. विकायचं काम दुकानाचे मालक करायचे. खोकी गाडीत घालून गिऱ्हाइकाच्या घरी न्यायची, जोडायची, आवाज लावून द्यायचा, हे बाबांचं काम. दारातून आत गेले की ते आधी खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवायचे. ती टाळी भिंतींवरून कशी परत येते त्यावरून त्यांना खोली कळायची. मग स्पीकर भिंतीपासून किती वीत, एकमेकांपासून किती, हे हाताने मोजायचं. घरातला माणूस ज्या खुर्चीत बसतो तिच्यात स्वतः बसून बघायचं. शेवटी चारही रेघा बारावर आणायच्या आणि ताकीद द्यायची, "आवाज आवडला नाही तर खुर्ची हलवा. पडदा लावा, पडदा काढा, गालिचा गुंडाळून ठेवा. हवी तर खोली बदला, पण याला हात लावू नका."

लोक हो हो म्हणायचे आणि बाबांची पाठ फिरली की हात लावायचे. कोण नाही लावणार? मीही लावला असता. तरुण पोरं बेस पार टोकाला न्यायची. भिंतीवरच्या तसबिरी थरथरल्या की स्वारी खूश. पुढे कधी दुरुस्तीला बाबा त्या घरी गेले, तर नमस्कार-चमत्कार नंतर, आधी नॉब. ते सरळ करायचे आणि मगच दिलेलं पाणी प्यायचे. कोणीतरी त्यांना 'बारावाजे' म्हणायला लागलं आणि ते नाव असं चिकटलं, की नवी गिऱ्हाइकं ते आडनावच समजून फोन करायची. "बारावाजे आहेत का?" "आहेत, देते," आम्ही म्हणायचो. बाबांना त्याचा राग नव्हता. मला तर वाटतं, आतून बरंच वाटायचं.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांचा धंदा नेमका उलटा. त्या कपडे दुरुस्त करायच्या. नवं काही शिवायच्या नाहीत. मापात न बसणारं मापात बसवून द्यायच्या. मागच्या खोलीत खिडकीला लावून मशीन, बाजूला उसवलेल्या कोटांचा ढीग, आणि कोटाच्या खांद्यात भरायच्या कापसाची एक पिशवी. त्यांचा नियम एकच: कंबर वाढली असं गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. एखादी बाई यायची, म्हणायची, "धुतल्यावर आटला हो हा स्कर्ट." आई म्हणायच्या, "हल्ली कापडच तसलं येतं." मग आतली शिवण उसवून गुपचूप अर्धा इंच सोडायच्या. बाई खूश, स्कर्ट खूश. "माणूस काय शिवणीला विचारून बदलतो का?" आई मला सांगायच्या. "आपण सोडून द्यायचं. बोलायचं कशाला?"

एक काटा हलवू न देणारा आणि एक शिवण सोडत बसणारी. या दोघांचं इतकी वर्षं पटलं कसं, हे मला कोडंच होतं. पण रोज संध्याकाळी दोघं स्टिरिओसमोर बसायचे. दोन खुर्च्या, हाताला हात लागेल इतक्या जवळ, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे. बाबा डावीकडे, आई उजवीकडे. बाबांच्या लेखी त्या खोलीत तेवढी एकच शहाणी जागा होती. आईंना गाण्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. त्या मांडीवर कुणाचा तरी शर्ट घेऊन काजं करत बसायच्या. पण तो वेळ दोघांचा. मीसुद्धा तेवढ्या वेळात भाजीत मीठ किती घालू म्हणून विचारायला जायची नाही.

बाबा निवृत्त झाले, आणि पुढे केव्हातरी त्यांची तक्रार सुरू झाली. "हल्ली या आवाजाला धार नाही." आधी त्यांनी स्पीकरच्या वायरी बदलल्या. फरक नाही. मग स्वतःच्याच कायद्याप्रमाणे खोली बदलायला घेतली. पडदे आवाज पितात म्हणून पडदे गेले, आणि येणारे-जाणारे आम्हाला जेवताना बघू लागले. गालिचा गेला. उशा, अभ्रे, भिंतीवरची विणलेली चौकट, सगळं माळ्यावर. खोली अशी उघडीबोडकी झाली की चमचा पडला तरी आम्ही दचकायचो. बाबा सोडून. शेवटी एक दिवस त्यांनी आईंच्या खुर्चीतली गादी उचलली.

"आता या खोलीत मऊ अशी मीच तेवढी उरलेय," आई म्हणाल्या. "मलाही माळ्यावर टाकता का?"

बाबांनी गादी परत ठेवली.

खरं काय ते आम्हाला फ्रिजने सांगितलं. आमच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो बारीक आवाजात पीं-पीं करायला लागतो. एकदा बाबा बाटली काढून तिथेच उभे राहून पाणी पीत होते, दार सताड उघडं, फ्रिज केकाटतोय. मी आतल्या खोलीतून धावत आले. बाबा शांतपणे बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "काय गं, काय झालं?" मी दार लावलं. आई मशीनवरून उठून आल्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वय झालं की आधी वरचा, बारीक आवाज ऐकू येईनासा होतो, हे बाबांनीच कधीतरी आम्हाला सांगितलं होतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांबद्दल बोलताना.

माझा नवरा नोकरीसाठी बाहेर असतो, सुट्टीला येतो. तो आला तेव्हा त्याने विषय काढून पाहिला. "बाबा, एकदा कान तपासून घेऊ या."

"कोणाचे?"

"तुमचे."

"या कानांवर तुझं शिक्षण झालंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. विषय तिथेच मिटला.

मग संध्याकाळचं बसणंच हळूहळू बंद पडलं. कधी डोकं जड, कधी वाचायचं राहिलंय. "हल्ली गाण्यातच काही राम नाही," असंही म्हणू लागले. एक दिवस त्यांनी स्टिरिओवर जुनी चादर टाकली. मी भांडकुदळ बाई आहे. कोणी भांडलं तर काय करायचं मला चांगलं कळतं. पण न भांडता विझत चाललेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. बाबा खिडकीशी बसून राहायचे. आणि आई मात्र वेळ झाली की आपल्या खुर्चीत जाऊन बसायच्या, शर्टाची काजं करत, त्या चादरीसमोर. मला ते बघवायचं नाही.

"ट्रेबल जरा उजवीकडे फिरवला तर काम होईल की," मी आईंना म्हटलं. "सांगा ना त्यांना."

"फिरवतील?"

"नाही फिरवणार."

"फिरवला म्हणजे कान गेले हे कबूल केलं," आई म्हणाल्या. "त्यांच्याकडे दुसरं आहे काय गं? सगळं आयुष्य त्या दोन कानांवर काढलं त्यांनी. हे असे बसून राहिले तर मला नाही सहन होणार."

एका दुपारी बाबा आंघोळीला गेले होते. मी हात पुसत बाहेर आले, तर आई कपाटासमोर बसल्या होत्या आणि ट्रेबलच्या नॉबला फडकं गुंडाळून तो चक्क ओढत होत्या.

"आई!"

"हळू बोल!"

नॉब सुटून हातात आला. त्याच्या खाली धातूची बारीक दातेरी दांडी होती. आईंनी ती चिमटीत धरून उजवीकडे फिरवली, जराशीच, आणि नॉब पुन्हा वर दाबून बसवला. पण असा, की पांढरी रेघ बरोबर बारावर. मग दुसऱ्या बाजूचा. बाहेरून बघाल तर चारही रेघा पोलिसासारख्या ताठ. आत मात्र ट्रेबल वाढलेला.

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"इतकी वर्षं ते नॉब काढून साफ करायचे, तेव्हा धरायला कोणाची ओंजळ होती?" आईंनी चादरीची घडी केली. "अर्धा इंच सोडलाय. बोलू नकोस."

संध्याकाळी त्या बाबांना म्हणाल्या, "अहो, मला आज ती घासणीवाली ऐकायचीय." घासणीवाली म्हणजे एक रेकॉर्ड, तिच्यात एक बाई हळू आवाजात गाते आणि मागे कोणीतरी तारेच्या कुंचल्याने झांज घासत असतो. भांडी घासल्यासारखं वाटतं म्हणून आईंनी तिला हे नाव दिलेलं. बाबा नाखुशीनेच उठले. रेकॉर्ड लावून मागे टेकून बसले. मग पुढे सरकले. मग उभेच राहिले.

"ऐकलंस?"

"काय हो?"

"झांज! परत आली!" एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. चेहरा असा झाला होता की मला त्यांचं वय दिसेना. "मी म्हटलं नव्हतं? नव्या वायरी मुरायला वेळ लागतो. लोकांना धीर नसतो."

मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले आणि तिथे गेल्यावर मला रडू आलं. आईंनी शर्टातून मान वर केली नाही.

घर पुन्हा घर झालं. पडदे परत आले, गालिचा आला, उशा आल्या. बाबा जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून वायरींबद्दल सांगू लागले. आणि अधूनमधून, दोन-चार महिन्यांनी, म्हणायचे, "आज जरा बोथट वाटतंय, नाही?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या आंघोळीच्या वेळेला आई फडकं घेऊन कपाटाकडे जायच्या.

पण आमच्या कानांचं काय? तो आवाज हळूहळू असा झाला की बाई गात नसून काचेवर नख ओढतेय. मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. नवरा सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "हे असं का किंचाळतंय?" त्याने जाऊन नॉब पाहिले. रेघा सरळ होत्या, म्हणजे आवाज बरोबरच असणार. त्याच्या पुढे शंका घ्यायचं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. गप्प बसला बिचारा. आईंना मात्र दार लावून घेण्याची सोय नव्हती. त्यांची खुर्ची ठरलेली. त्या कोटाच्या कापसाचे बोळे कानात घालायच्या आणि वरून केस ओढून घ्यायच्या. उठल्यावर खुर्चीवर कापसाचे तुसे पडलेले असायचे.

"तुझ्या गादीतून कापूस निघतोय गं," बाबा म्हणायचे. "शिवून टाक ना."

"शिवते हो," आई म्हणायच्या.

रोज रेकॉर्ड संपली की त्या मागच्या खोलीत जाऊन कपाळावर ओलं फडकं ठेवून पडायच्या. एकदा मी चिडलेच. "आता पुरे करा, आई. डोकं फुटायची वेळ आलीय तुमची."

"ते ऐकतायत ना," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "त्यांना कळलं ना, तर पुन्हा कधी त्या खुर्चीत बसायचे नाहीत. मला माहितीयत ते. म्हणून कळू द्यायचं नाही."

मग मावशींच्या, म्हणजे आईंच्या बहिणीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आई त्यांच्या सोबतीला गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घर बघ. आणि ते बघ." 'ते' म्हणजे काय हे सांगायला नको होतं. नेमका त्या गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेमागचा पिवळा दिवा गेला.

"दिवाच आहे, बदलून टाकतो," बाबा म्हणाले. "पुढची पट्टी काढली की झालं." पट्टी काढायची म्हणजे आधी नॉब काढायचे, हे एव्हाना मलाही माहीत होतं.

"राहू द्या ना, बाबा. आवाज तर येतोय. दिवा काय करायचाय?"

"ती आल्यावर अंधार बघेल का?"

"डोळ्यांना ताण पडेल तुमच्या."

"चष्मा आहे."

मी चहाचा कप कपाटाशेजारी ठेवला आणि धक्का लागल्यासारखं करून सांडला. बाबांनी तो पुसला आणि टॉवेल पसरून बसले. आवाजाचा नॉब निघाला. बेसचे दोन निघाले. त्यांनी ते टॉवेलवर ओळीने मांडले. मग ट्रेबलचा डावा निघाला आणि त्यांचा हात थांबला.

दांडीच्या टोकाला मधोमध एक खाच असते. बेसच्या दोन्ही दांड्यांची खाच सरळ उभी होती. ट्रेबलची पार आडवी झाली होती. त्यांनी उजवा काढला. तोही आडवा. बाबांनी दांडी चिमटीत धरली आणि हळूहळू उलटी फिरवत आणली. ती मधोमध आली की बोटाला बारीकशी ठेच लागते. ते ऐकावं लागत नाही, बोटाला कळतं. बराच वेळ फिरवावी लागली.

"यात तुझा हात आहे?"

"नाही, बाबा."

"माहीत होतं?"

मला कधी कोणी काही विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नाही असं होत नाही. त्या वेळी फक्त "हो" आलं, तेही कसंबसं. बाबा उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. जेवायला आले नाहीत. नॉब टॉवेलवर तसेच पडून होते. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं लोकांच्या घरी जाऊन रेघा सरळ करणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच बायकोने. आईंना फोन करावा असं दहादा वाटलं आणि सांगू काय, म्हणून केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. "सूनबाई, इकडे ये. तिच्या खुर्चीत बस."

पट्टी परत बसली होती, दिवा लागला होता. चारही रेघा बारावर होत्या, आणि या वेळी खऱ्या. बाबांनी घासणीवाली लावली.

"मागे झांज घासतोय तो. येतोय ऐकू?"

"येतोय."

"नीट? खरं सांग. या घरात खोटं बोलून झालंय पुष्कळ."

"अगदी नीट, बाबा. वाळू चाळल्यासारखा."

बाबांनी डोळे मिटून घेतले. "मला नाही येत," ते म्हणाले. "काहीच नाही येत. आणि बाई गोधडीखालून गातेय."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि स्वतःच्या हाताने ट्रेबलचे दोन्ही नॉब उजवीकडे फिरवले. रेघा तीनच्याही खाली गेल्या. त्यांना असं करताना या घरात कोणीही पाहिलं नव्हतं.

"आता मला येतोय. तुला?"

माझ्या दातांत कळ गेली. "बाबा, बंद करा."

त्यांनी बंद केला. "ती रोज इथे बसायची," ते म्हणाले. "या आवाजात."

"कानात कापूस घालून."

बाबा खुर्चीच्या गादीकडे बघत राहिले. "म्हणजे तो गादीतला नव्हता."

"नाही."

"मी तिला शिवायला सांगत होतो गं," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत बसले, पुसून स्वच्छ झाला तरी.

आई यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कामाला हात घातला. खोलीच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवली. ती परत आलेली त्यांना किती ऐकू आली कोण जाणे, पण मान हलवली. स्पीकर वितीने मोजून एकमेकांपासून लांब नेले. डावा डाव्या कोपऱ्याकडे वळवला, उजवा उजव्या. खुर्च्याही तोडल्या. त्यांची डाव्या स्पीकरसमोर, आईंची उजव्या स्पीकरसमोर. मधली शहाणी जागा रिकामी. मग त्यांनी मोनोचं बटण दाबलं. ते दाबलं की गाणं दोन स्पीकरांत वाटलं जात नाही, दोन्हींतून सगळंच्या सगळं येतं. हे बटण दाबणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबा एकेकाळी विचारायचे, "मग दोन घेतले कशाला?"

सुट्टीला येताना नवरा आईंना घेऊन आला. बॅग हातात, दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याची नजर कपाटावर गेली. "अरे, हे कोणी..." म्हणत त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस!" बाबा ओरडले.

तो चटका बसल्यासारखा मागे झाला. आईंनी नॉब पाहिले. डाव्या ट्रेबलची रेघ उघड्यावर, सगळ्यांदेखत, आडवी पडली होती. आईंचा चेहरा उतरला. "अहो, मी..."

"बस आधी."

त्या उजव्या खुर्चीत बसल्या. सवयीने हात पर्समध्ये गेला, बोळे निघाले, दोन्ही कानांत गेले, केस वरून आले. बाबांनी ते सगळं पाहिलं. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसले.

"तुझ्या बाजूचा बारावरच आहे," ते म्हणाले. आईंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले. "माझ्या बाजूने सोडलाय. अर्धा इंच." मग थोडं थांबून, "कान आटले माझे. धुतल्यावर."

आईंचा आवाज आला तो नेहमीचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा.

"हल्ली कापडच तसलं येतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बोळे काढले. गाणं ऐकत बसल्या, मान जराशी कलती करून. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती गोड गाते ही. मी विसरूनच गेले होते." बाबा खोलीच्या त्या टोकाला होते. त्यांनी मान डोलावली. एक कडवं झालं. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आणि उठल्या. खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि ओढत निघाल्या. गालिचा गोळा होत गेला. त्यांनी खुर्ची थेट बाबांच्या खुर्चीला आणून भिडवली.

"अगं, तिकडेच बस," बाबा म्हणाले. "इथे किंचाळेल तुला. तुला नीट ऐकू यावं म्हणून तर हे सगळं..."

"मी काय इतकी वर्षं नीट ऐकायला बसत होते?"

आईंनी कापसाचा एक बोळा डाव्या कानात घातला, बाबांच्या स्पीकरच्या बाजूच्या कानात. दुसरा पर्समध्ये ठेवून दिला. या वेळी केस ओढून घेतले नाहीत.

माझा नवरा बॅग घेऊन अजून दारातच उभा होता. बाबांनी वाकून त्या बोळ्याकडे पाहिलं, आणि आमच्या सगळ्यांसमोर हात पुढे करून आईंची सुटलेली बट कानामागे सारली.

"नीट बसव," ते म्हणाले. "पडेल."